डिस्क कोणती घेऊ, हे विचारण्याआधी

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. बॅटऱ्या हलवायचं काम चालू असताना एका लिथियम बॅटरीने पेट घेतला आणि सरकारी कर्मचारी कामाच्या फाइली ज्या सामाईक साठ्यात ठेवत होते, तो सुमारे ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. साठा फार मोठा, म्हणून त्याची दुसरीकडे प्रत ठेवलेलीच नव्हती. तिथे पैशाची चणचण नव्हती, जाणकार माणसांचीही नव्हती. तरी परत आणायला काही उरलं नाही.

ही बातमी वाचली तेव्हा मला मुलुंडच्या एका मित्राचा फोन आठवला. तो माझ्यासारखाच लग्नाचे फोटो काढतो, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याची बायको चार-पाच छोट्या दुकानांचे हिशेब आणि जीएसटी बघते. जुलैतली रात्र, साडेअकरा वाजलेले. “जरा ऐक,” म्हणाला आणि फोन डिस्कपाशी नेला. टक्. मग काहीच नाही. पुन्हा टक्, टक्. हार्ड डिस्कमधलं वाचणारं हेड जागा शोधायला जातं, सापडत नाही म्हणून मागे येतं, पुन्हा जातं, त्याचा तो आवाज.

“आधी वायर काढ,” मी म्हटलं. “पुन्हा लावून बघू नकोस. दुसरी कॉपी कुठे आहे?”

“अरे, हीच तर बॅकअपची डिस्क आहे.”

लॅपटॉप भरत आला की तो फोटो या डिस्कवर हलवायचा आणि लॅपटॉपवरचे पुसायचा. चार वर्षं. डिस्कवर मार्करने ‘बॅकअप’ असं लिहिलेलं होतं आणि आत होती ती प्रत्येक फाइलची एकुलती एक प्रत. लॅमिंग्टन रोडवर डेटा काढून देणाऱ्याकडे डिस्क दिली. बरंच परत आलं, पण एक साखरपुडा पूर्ण गेला. त्या मुलीचे आजोबा त्यानंतर दोन महिन्यांनी वारले. त्यांचा तो शेवटचा कार्यक्रम होता.

तेव्हापासून कुणी “बॅकअपला डिस्क कोणती घेऊ?” असं विचारलं की मी आधी दुसरंच विचारतो. हा लेख त्याबद्दल आहे. डिस्कच्या नावापर्यंत आपण येऊ, पण जरा उशिरा.

बॅकअप कशाला म्हणायचं

एकच कसोटी पुरते. मूळ फाइल आत्ता या क्षणी नाहीशी झाली, तर तीच फाइल दुसरीकडून जशीच्या तशी आणता येईल का? येत असेल तर बॅकअप आहे. नसेल तर जे आहे ती नुसती साठवण. साठवण म्हणजे जागा आणि बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. बाजारात दोन्हींसाठी एकच डबा मिळतो, म्हणून हा घोळ होतो.

घराची दुसरी किल्ली आपण शेजारच्या काकूंकडे ठेवतो. ती त्याच पर्समध्ये, त्याच जुडग्यात अडकवून ठेवत नाही, कारण पर्स लोकलमध्ये राहिली तर दोन्ही किल्ल्या एकदम जातील हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. फाइलींच्या बाबतीत मात्र लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच बॅगेत घालून आपण सातच्या फास्टला लटकतो.

आधी संकटं मोजू

घरून काम करणाऱ्याच्या किंवा फोटोग्राफरच्या फाइली साधारण पाच वाटांनी जातात. डिस्क उडते. आपल्याच हातून चुकीचं फोल्डर पुसलं जातं. रॅन्समवेअर येतं, म्हणजे सगळ्या फाइलींना परकं कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागणारा व्हायरस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशाच व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला होता. चौथी वाट म्हणजे चोरी, आग, पाणी. आणि पाचवी, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: ज्या ऑनलाइन खात्यावर सगळं ठेवलं ते खातंच बंद पडतं, किंवा त्याचा पासवर्ड एका माणसाच्या डोक्यात असतो आणि तो माणूस हॉस्पिटलमध्ये असतो.

मुंबईत पाण्याचं वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कलिना, कुर्ला, मिठी नदीकाठच्या तळमजल्यांवर त्या रात्री पलंग तरंगत होते. त्या घरांतल्या निगेटिव्ह, अल्बम, कॉम्प्युटर, सगळं एकाच पाण्यात गेलं, कारण सगळं एकाच घरात होतं.

आता कुठलीही योजना या पाच वाटांवर ठेवून बघायची. विक्रेता काय म्हणतो ते नंतर.

‘दोन डिस्कचा डबा घेतला की झालं ना?’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे जरा थांबतो. दोन डिस्क एकत्र बसवलेले डबे मिळतात. त्यात जे तंत्र असतं त्याला ‘रेड’ म्हणतात. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ती कल्पना मांडली, आणि ती मूळ काय होती हे बघण्यासारखं आहे: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त, छोट्या डिस्क एकत्र जोडायच्या. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून एक गेली तरी बाकीच्यांनी काम चालू ठेवावं, अशी व्यवस्था त्यात घातली.

ट्रकच्या मागच्या बाजूला जोड चाकं असतात ती आठवा. एक पंक्चर झालं तरी दुसऱ्यावर गाडी गॅरेजपर्यंत जाते. रेड हे तेवढंच करतं आणि ते मोलाचं आहे; उद्या सकाळी अल्बम द्यायचा असताना काम थांबत नाही. पण ट्रकच चोरीला गेला तर जोडीतलं दुसरं चाक घरी राहत नाही. तुम्ही डब्यातलं फोल्डर पुसलंत तर दोन्ही डिस्कवरून ते त्याच क्षणी पुसलं जातं. रॅन्समवेअरने कुलूप घातलं तर दोन्हींना घातलं जातं. पाच वाटांपैकी फक्त पहिली वाट या डब्याने अडवली. तीही पुरती नाही, कारण दोन्ही डिस्क बहुतेक एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या असतात, सारख्याच तापतात आणि सारख्याच म्हाताऱ्या होतात.

म्हणून दोन डिस्कचा डबा ही एकच प्रत धरायची. काही डब्यांवर ‘रेड शून्य’ अशीही सोय असते. त्यात प्रत्येक फाइल अर्धी-अर्धी दोन डिस्कवर जाते. वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं. डबा आणल्यावर तो कुठल्या पद्धतीवर लावलाय हे पहिल्याच दिवशी उघडून बघा.

‘माझं सगळं तर ड्राइव्हवर आहे’

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं मूळ काम सिंक करणं. म्हणजे लॅपटॉपवर जसं आहे तसंच दुसरीकडे ठेवणं. हा आरसा आहे. कपाळावरचं कुंकू पुसलं की आरशातलंही पुसलं जातं. लॅपटॉपवरचं ‘२०२३ बिलं’ हे फोल्डर चुकून काढलंत तर ते ढगातूनही, म्हणजे इंटरनेटवरच्या क्लाउड साठ्यातूनही जातं.

आरशाला थोडी आठवण मात्र असते. गूगल ड्राइव्हच्या बिनमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते. चूक त्याच आठवड्यात कळली तर सुटलात. पण हिशेबाची फाइल एप्रिलमध्ये गेली आणि वार्षिक रिटर्न भरताना डिसेंबरमध्ये लागली, तर तीस दिवस कधीच उलटून गेलेले असतात.

खरा बॅकअप पासबुकासारखा असतो. आजची शिल्लक तर दिसतेच, पण मागची प्रत्येक नोंदही तिथे असते आणि नवी नोंद आली म्हणून जुनी खोडली जात नाही. मार्चमध्ये फाइल कशी होती, जूनमध्ये कशी होती, दोन्ही मिळायला हव्यात. याला व्हर्जन ठेवणं म्हणतात. मॅकमध्ये टाइम मशीन आणि विंडोजमध्ये फाइल हिस्टरी हे काम फुकट करतात. त्यासाठी बाहेरची एक डिस्क जोडून ते चालू करावं लागतं इतकंच. मी ज्यांच्या ज्यांच्या घरी बघितलं, त्यातल्या बहुतेकांनी ते कधीच चालू केलेलं नव्हतं.

फोटोंबाबत आणखी एक. गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली हे आता सर्वांना माहीत आहे. पण तिथे ‘स्टोरेज सेव्हर’ ही निवड असेल तर फोटो दाबून लहान केले जातात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो त्या मापात आणले जातात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटोही असाच लहान होतो. घरच्या आठवणींसाठी हे ठीक आहे. पण ज्या फोटोचा १२ बाय ३६ चा अल्बम छापायचा, त्याची ही प्रत म्हणजे मूळ नव्हे.

शिवाय दोन वर्षं हात न लावलेलं गूगल खातं काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने आपल्या नियमांत राखलेला आहे. वडिलांच्या नावाचं जुनं खातं, ज्यावर गावच्या घराचे फोटो आहेत, ते कुणीतरी अधूनमधून उघडत राहायला हवं.

तीन, दोन, एक

अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी एक साधा हिशेब लोकांपुढे ठेवला, आणि आज जगभर बॅकअपची गोष्ट त्याच हिशेबापासून सुरू होते. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि त्यातली एक घराबाहेर ठेवा. तीन प्रतींत कामाची मूळ फाइलही धरलेली आहे, म्हणजे जास्तीच्या फक्त दोन.

आपल्या पाच वाटांवर हे ठेवून बघा. डिस्क उडाली तर दोन उरतात. हातून पुसलं गेलं तर व्हर्जन ठेवणाऱ्या डिस्कवर जुनी प्रत असते. चोरी किंवा पूर आला तर घराबाहेरची वाचते. खातं गेलं तर घरातली. रॅन्समवेअरसाठी यात मी माझी एक अट जोडतो: एक तरी प्रत अशी हवी जिची वायर काढलेली आहे. जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचतो. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत पोचायला त्याला हात नाहीत.

आता डिस्क: फिरणारी की चिपवाली

फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावरून तरंगत जातं. चालू असताना टेबलावरून पडली तर ते हेड चकतीला घासतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळं चिपवर. धक्क्याला टणक आणि वेगाने कितीतरी पुढे.

मग सगळीकडे एसएसडीच का नको? एक तर तेवढ्याच जागेला ती बरीच महाग पडते. दुसरं, चिपमध्ये माहिती विजेच्या भारावर टिकते आणि वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपून जातो. खूप वापरून झिजलेल्या आणि उष्ण जागी ठेवलेल्या एसएसडीत हे लवकर होतं. तिसरं, एसएसडीवर पुसलेलं परत काढणं बहुतेक वेळा अशक्य असतं, कारण पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते. म्हणून रोजचं काम, एडिटिंग, प्रवास यांना एसएसडी, आणि कपाटात ठेवायच्या प्रतीला फिरणारी हार्ड डिस्क. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड फक्त ने-आण करायला.

हार्ड डिस्कमध्येही दोन जाती आहेत आणि खोक्यावर ते ठळक लिहिलेलं नसतं. कोकणातल्या घराची कौलं डोळ्यांसमोर आणा. एकावर एक थोडी चढवलेली असतात, म्हणून मधलं एक बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. एसएमआर जातीच्या डिस्कवर माहितीच्या पट्ट्या अशाच एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा जास्त मिळते, पण मधलं काही बदललं की शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं, म्हणून मोठं लिहिताना ती मंदावते. खिशात मावणाऱ्या बहुतेक डिस्क याच जातीच्या. कपाटातल्या प्रतीला चालतात. दिवसरात्र चालणाऱ्या डब्यात घालायला मात्र सीएमआर असंच विचारून घ्या. त्यात पट्ट्या सुट्या असतात.

कंपनी कुठली, यावर माझं मत ऐकायला लोक उत्सुक असतात, पण त्यात काही नाही. नावाजलेली कुठलीही घ्या, बिल घ्या, आणि दोन प्रतींसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगळ्या महिन्यांत घेतलेल्या घ्या.

किती जागा लागेल

इथे घरचं ऑफिस आणि फोटो यांचे रस्ते वेगळे होतात, आणि पैसे वाचतात तेही इथेच.

मित्राच्या बायकोचं सगळं काम, म्हणजे बिलं, रिटर्न, करारनामे, बँकेची स्टेटमेंट, पीडीएफ, दहा वर्षांचं मिळून वीस गिगाबाइटसुद्धा भरलं नाही. इतकं लहान, पण कायद्याने जपायचं. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायला सांगितली आहेत. ही लहान आणि मोलाची पिशवी ढगात ठेवायला सोपी. एका रात्रीत चढते.

त्याचे फोटो मात्र वेगळेच. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, न दाबलेली प्रत, साधारण ३० मेगाबाइट धरा. दोन दिवसांच्या लग्नात तीन हजार क्लिक झाले तर ९० गिगाबाइट. वर्षाला पंचवीस कार्यक्रम म्हणजे सव्वादोन टेराबाइट, आणि व्हिडिओ त्यात धरलेलाच नाही. हे ढगात चढवायचं म्हटलं तर १०० एमबीपीएसचा अपलोड वेग अखंड मिळाला तरी एका टेराबाइटला बावीस तास लागतात. तोच डेटा फिरणाऱ्या डिस्कवर अडीच-तीन तासांत उतरतो. आणि लक्षात घ्या, जाहिरातीत लिहिलेला वेग बहुतेक डाउनलोडचा असतो. अपलोड किती ते वेगळं विचारा.

म्हणून कागदपत्रांची घराबाहेरची प्रत ढगात, आणि रॉ फाइलींची दुसऱ्या घरात.

डिस्क घेताना आजच्या साठ्याच्या दुप्पट घ्या. ४ टेराबाइटची डिस्क विंडोजवर ३.६३ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, फरक तेवढाच.

दुसरं घर

माझी तिसरी प्रत डोंबिवलीला ताईकडे असते. अशा दोन डिस्क आहेत. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. महिन्यातून एकदा जेवायला जातो तेव्हा ताजी प्रत केलेली घेऊन जातो आणि तिथली घेऊन येतो. दोन्ही एका वेळी एका घरात येणार नाहीत, एवढं पाळतो. म्हणजे तिच्या दारात अदलाबदल होते ती पंधरा मिनिटं सोडली तर माझ्या घराला काहीही झालं तरी जास्तीत जास्त एका महिन्याचं काम जाईल. त्या महिन्याच्या कामासाठी, दिलेले अंतिम फोटो तेवढे मी ढगातही चढवतो.

डिस्क डोंबिवली लोकलने जाते, म्हणून तिला कुलूप हवं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, मॅकवर डिस्क तयार करतानाच एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो. पासवर्डशिवाय ती डिस्क मग कुणाच्याही कामाची नाही. तुमच्याही नाही, हे विसरू नका. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या एका माणसाला कुठे आहे ते सांगून ठेवा. ग्राहकांचे पॅन, बँकेचे तपशील, लोकांच्या लेकीबाळींचे फोटो आपल्याकडे विश्वासाने दिलेले असतात. ते उघड्या डिस्कवर फिरवणं मला मुळीच पटत नाही.

ठेवायची कशी? आपल्या हवेत लेन्सला बुरशी लागते, तसाच दमटपणा डिस्कच्या जोडण्यांनाही सोसत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे किंवा मंद आचेवर वाळवायचे. तळमजल्यावर राहत असाल तर डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवा.

नॅस घ्यावा का?

नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेला, स्वतःचा लहानसा कॉम्प्युटर असलेला डिस्कचा डबा. दोघं-तिघं एकाच फाइलींवर काम करत असाल, किंवा साठा आठ-दहा टेराबाइटच्या पुढे गेला असेल, तर तो सोयीचा आहे. सगळ्या लॅपटॉपचा बॅकअप रात्री आपोआप तिथे येतो. एकट्या माणसाने आधी तो घ्यावा असं मला वाटत नाही. त्याच पैशात तीन साध्या डिस्क येतात आणि त्या तीन ठिकाणी ठेवता येतात. नॅस एकाच ठिकाणी राहतो.

घेतलात तर यूपीएस लावा, कारण लिहिता लिहिता लाईट गेली तर फाइली बिघडतात. तो बाहेरच्या इंटरनेटवरून उघडा ठेवू नका. खास नॅसच्या डब्यांना गाठणारी रॅन्समवेअर येऊन गेली आहेत. आणि नॅसचाही बॅकअप लागतो.

‘ग्राहकाला फोटो दिले ना, मग जपायचे कशाला?’

हा आक्षेप चुकीचा नाही. सगळ्या रॉ फाइली आयुष्यभर जपणं कुणालाच परवडत नाही, शिवाय सध्या एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या साठवणीमुळे डिस्कच्या किमतीही चढल्या आहेत. त्यावर माझा उपाय असा: पावती देतानाच किती काळ जपणार ते लिहून द्या. मी रॉ फाइली दोन वर्षं आणि अंतिम फोटो कायम, असं लिहितो. हललेले, डोळे मिटलेले, एकाच पोझचे नऊ, ते अल्बम पास झाल्यावर काढून टाकतो. त्याने जवळपास निम्मी जागा मोकळी होते.

पण अल्बम पास होण्याआधी तीनही प्रती हव्यातच. कॅमेऱ्यात दोन कार्डांच्या खाचा असतील तर दोन्हींवर एकदम लिहायची सेटिंग करा. पहिला बॅकअप मांडवातच तयार होतो. आणि फोटो दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट मारू नका. शेवटच्या लोकलने घरी येताना कार्ड शर्टाच्या खिशात, कॅमेरा बॅगेत.

परत आणून बघा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती त्यांनी लावलेल्या होत्या. वेळ आली तेव्हा एकही नीट चालत नव्हती हे कंपनीने स्वतः जाहीर केलं. सहा तासांपूर्वी एकाने योगायोगाने काढलेली प्रत होती, तिच्यावर ते परत उभे राहिले.

वर्षाचं धान्य भरणारी आजी डबा नुसता भरून ठेवत नसे. पावसाळ्याआधी उघडून बघे, टोके झालेत का, उन्हं दाखवायला हवीत का. डिस्कचंही तसंच. मी दर तीन महिन्यांनी एका रविवारी कपाटातली डिस्क काढतो, डोळे मिटून एक फोल्डर निवडतो आणि ते लॅपटॉपवर उतरवून उघडतो. पहिल्यांदा केलं तेव्हा २०१९ चं एक लग्न निघालं, पार्ल्यातलं. रॉ फाइली सगळ्या होत्या. पण लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये उघडल्यावर एकाही फोटोवर रंगाचं काम नव्हतं, तारे नव्हते, कापलेल्या कडा नव्हत्या. फोटोंचा बॅकअप मी घेत होतो, पण केलेलं एडिटिंग ज्या कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलीत नोंदलेलं असतं ती लॅपटॉपच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये होती. तिची प्रत कुठेच नव्हती. लॅपटॉप त्या दिवशी ठीक होता, म्हणून निभावलं. तुमच्याकडे टॅली असेल तर तिचा डेटा नेमका कुठल्या फोल्डरमध्ये बसतो, ईमेल कुठे उतरतात, डिजिटल सहीचं काय, हे असंच एकदा शोधून काढा.

मोठ्या साठ्याला एक मदत आहे, चेकसम. वाण्याच्या बिलाखालची बेरीज जशी, तशी प्रत्येक फाइलची एक संख्या प्रोग्राम काढून ठेवतो. पुढच्या वर्षी पुन्हा काढली आणि जुळली नाही, तर आतलं काहीतरी बदललंय, आणि दुसरी चांगली प्रत आहे तोवर ती बदलून घेता येते.

मुलुंडच्या मित्राकडे आता काय आहे, तेही सांगतो. टेबलावर एक मोठी डिस्क, जिच्यावर दोघांच्या लॅपटॉपचा आपोआप बॅकअप जातो, जुन्या व्हर्जनसकट. दोन खिशातल्या डिस्क, त्यातली एक सासुरवाडीला ठाण्यात. बायकोच्या कागदपत्रांची प्रत ढगात, खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन, आणि पासवर्डचा कागद सासूबाईंच्या लॉकरमध्ये. नॅस नाही.

प्रत्येक डिस्कवर आम्ही दोघंही आता ‘बॅकअप’ लिहीत नाही. पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर शेवटची प्रत कधी केली ती तारीख लिहितो. त्याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. मागच्या पावसाळ्यात दोन महिने जाणं झालं नाही, तेव्हा ताईचाच फोन आला. कपाट आवरत होती. “तुझ्या डब्यावर १२ जून लिहिलंय,” म्हणाली. “आज ऑगस्ट लागला. रविवारी ये, पुरणपोळ्या करतेय.”